बॅकअपची डिस्क दर महिन्याला भरतेय? जुने फोल्डर उडवायच्या आधी हे बघा

लक्षणं सगळीकडे सारखीच असतात. साइट तेवढीच आहे, पोस्ट रोजच्यासारख्या पडतायत, ट्रॅफिकमध्ये फार फरक नाही, आणि तरी बॅकअपची डिस्क ६० टक्क्यांवरून ९५ वर कधी गेली ते कुणालाच कळत नाही. मग कोणीतरी लॉगिन करतं, सगळ्यात जुने चार फोल्डर उडवतं, डिस्क खाली येते, आणि महिन्याभरात परत तेच. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. त्याने प्रश्न सुटत नाही, वर पुरावा जातो, कारण कुठल्या रात्री किती वाढलं हे त्या जुन्या बॅकअपवरूनच कळणार असतं. आणि साइट हॅक झाल्याचं तीन आठवड्यांनी लक्षात येतं ना, तेव्हा नेमका तोच उडवलेला बॅकअप हवा असतो.

डिस्क वाढते ती तीनच कारणांनी. एक तर सर्व्हरवरचा मूळ डेटाच वाढलाय, नाहीतर डेटा तेवढाच आहे पण तोच तो रोज नव्याने साठतोय, नाहीतर जुनं जायला पाहिजे ते जातच नाहीये. तिन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून यातलं कुठलं आहे ते ठरेपर्यंत कशालाही हात लावू नका. ठरवायला सोपी खूण म्हणजे वाढ कशी झाली ते बघायचं. एका रात्रीत मोठी उडी आणि नंतर शांत, तर कोणीतरी काहीतरी मोठं टाकलंय किंवा परमिशन बदलल्यात. रोज साधारण सारखीच वाढ आणि कधीच खाली येत नाही, तर जुनं निघत नाहीये किंवा रोज पूर्ण कॉपी पडतेय.

सुरुवात लिनक्सच्या डीएफ आणि डीयू या दोन कमांडपासून करा. डीएफ सांगतं पूर्ण डिस्क किती भरलीय, डीयू सांगतं फोल्डरमधल्या फाइल मोजून किती होतात. दोन्ही आकडे जवळपास असतील तर ठीक. डीएफ खूप जास्त दाखवत असेल आणि डीयू कमी, तर डिलीट झालेली पण कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरून ठेवलेली फाइल असते, ती एलएसओएफ कमांडला अधिक एल एक हा ऑप्शन देऊन सापडते, ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. आणि डीएफला डॅश आय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद, यांची संख्या ठरलेली असते) पण बघून घ्या, कारण जीबी शिल्लक असतात पण लाखो बारक्या फाइलींनी आयनोड संपलेले असतात, तेव्हाही एरर "जागा नाही" असाच येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

याच पायरीवर अजून एक गोष्ट तपासा, ती फार लोकांच्या डोक्यात येत नाही. बॅकअपची डिस्क खरंच माउंट, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरला जोडलेली, आहे का? एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, नोफेल लिहिलेलं असेल तर रीबूटनंतर डिस्क लागली नाही तरी सर्व्हर आरामात सुरू होतो, आणि रात्री बॅकअप त्या रिकाम्या माउंट पॉइंटच्या फोल्डरमध्ये, म्हणजे थेट सर्व्हरच्या मुख्य (रूट) डिस्कवर पडत राहतो. नंतर कोणीतरी डिस्क परत माउंट करतं आणि तो सगळा माल खाली झाकला जातो, डीयूला दिसतही नाही. बघायचं असेल तर रूट डिस्कला दुसऱ्या एका फोल्डरवर बाइंड माउंट करा, म्हणजे तीच डिस्क तिथूनही दिसेल, आणि तिथून आत शिरा, खाली काय दडलंय ते दिसेल. कायमचा बंदोबस्त म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट कमांडने तपासा, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर अधिक आय लावून ठेवा, म्हणजे डिस्क नसताना तिथे कोणी काही लिहूच शकत नाही, रूट यूजर सुद्धा नाही. हे करायला दोन मिनिटं लागतात, प्रत्येक सर्व्हरवर करून ठेवण्यासारखं आहे.

आता मूळ डेटा. इथे एनसीडीयू वापरा, ते कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवतं, रिपोर्ट फाइलमध्ये सेव्ह करता येतो, आज एक आणि आठवड्याने एक घेतला की फरक डोळ्यांना दिसतो. वर्डप्रेस असेल तर पहिला संशय बॅकअप प्लगइनवर. अपड्राफ्टप्लस आपल्या झिप डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या अपड्राफ्ट फोल्डरमध्ये ठेवतं, ऑल-इन-वन मायग्रेशन स्वतःच्या वेगळ्या बॅकअप फोल्डरमध्ये, म्हणजे साइटच्या आतच साइटचा बॅकअप, आणि तुमचा रात्रीचा बॅकअप तो पण उचलतो. रोज नवीन नावाची नवीन झिप, त्यात आधीच दाबलेला डेटा, त्यामुळे कुठल्याही टूलला त्यात सारखेपणा सापडत नाही आणि ती पूर्णच्या पूर्ण साठते. हे फोल्डर एक्सक्लूडमध्ये, म्हणजे बॅकअपमधून वगळायच्या यादीत, टाका. सोबत कॅश फोल्डर पण टाका, आणि डीबग डॉट लॉग बघा, डेव्हलपरने कधीतरी डीबग लॉग चालू केला आणि बंद करायचा राहिला की ती एकच फाइल कित्येक जीबीची होते, आणि रोज बदलते म्हणून आरसिंकवाल्यांकडे (आरसिंक हे फाइली कॉपी करायचं टूल) रोज पूर्ण साठते.

फोटोंचं गणित पण लक्षात ठेवा. वर्डप्रेस ५.३, म्हणजे २०१९ च्या शेवटापासून, फोनवरचा मोठा जेपीजी टाकला की १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ असे साइझ बनतात, वर २५६० पिक्सेलची स्केल्ड कॉपी, आणि मूळ फाइल तशीच राहते. एका फोटोच्या आठ फाइल झाल्या, थीमचे स्वतःचे साइझ असतील तर आणखी. एखादी बातम्यांची साइट रोज तीस-चाळीस फोटो टाकत असेल तर ही वाढ खरी आहे, त्यात बिघाड काही नाही, मोठी डिस्क घ्या किंवा न लागणारे साइझ बंद करा.

डेटाबेस वाढलाय का तेही बघा. पोस्टच्या रिव्हिजनवर वर्डप्रेसची मूळ मर्यादा काहीच नाही, एकेका पोस्टच्या पन्नास-पन्नास आवृत्त्या पडून असतात. वूकॉमर्स (दुकानाचं प्लगइन) असेल तर अ‍ॅक्शन शेड्यूलरचे टेबल बघा, तिथे पार्श्वभूमीला चाललेल्या कामांच्या नोंदी साचतात. आणि जर तुम्ही मायएसक्यूएलचं डेटा फोल्डरच कॉपी करत असाल तर त्यात बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) येतायत, मायएसक्यूएल ८.० पासून बिनलॉग आपोआप चालू असतात आणि २५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस ठेवले जातात. ५.७ वरून ८ वर आल्यानंतर डिस्क वाढायला लागली असेल तर आधी इथे बघा. तसंही चालू डेटाबेसचं फोल्डर उचलून नेणं हा बॅकअप धरू नका, तो परत उभा राहील याची खात्री नाही, डंपच घ्या, म्हणजे डेटाबेस एसक्यूएल फाइलमध्ये काढून घ्या.

आता दुसरं कारण, तोच डेटा परत परत साठणं. माझ्या अनुभवात जास्तीत जास्त वेळ इथेच जातो, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं.

आरसिंकचा लिंक-डेस्ट ऑप्शन किंवा आरस्नॅपशॉट वापरणाऱ्यांसाठी हे आहे. यात रोजचं फोल्डर पूर्ण दिसतं, पण न बदललेल्या फाइली हार्डलिंक असतात, म्हणजे डिस्कवरच्या एकाच फाइलला अनेक नावं, म्हणून तीस दिवसांचे तीस फोल्डर असूनही जागा थोडीच लागते. पण हार्डलिंक कधी होते? फाइलचा मजकूर, वेळ, परमिशन, ओनर, सगळं तंतोतंत जुळलं तरच. म्हणजे कोणीतरी साइटवर "परमिशन एरर येतोय" म्हणून पूर्ण वेबरूटवर, म्हणजे साइटच्या फोल्डरवर, सीएचओन किंवा सीएचमॉड डॅश कॅपिटल आर (ओनर किंवा परमिशन सरसकट बदलणाऱ्या कमांड) मारलं की त्या रात्री एकही फाइल जुळत नाही आणि अख्ख्या साइटची नवी कॉपी पडते. मजकूर एका अक्षराने बदललेला नसतो, नेटवर्कवरून गेलेला डेटाही कमी दिसू शकतो, आणि डिस्कवर मात्र ४० जीबी वाढलेले. एका रात्रीची मोठी उडी दिसली की आधी हेच विचारा, काल कोणी परमिशन बदलल्या का? आरसिंकला आयटमाइझ-चेंजेस देऊन रन केलं तर प्रत्येक फाइलपुढे अक्षरं येतात, पी म्हणजे परमिशन, ओ म्हणजे ओनर, जी म्हणजे ग्रुप, टी म्हणजे वेळ. हजारो ओळींत नुसता ओ आणि जी दिसला की उत्तर मिळालं. यात काही दुरुस्त करायचं नसतं, ती कॉपी जुने दिवस निघून गेले की आपोआप जिरते. पण डिप्लॉय स्क्रिप्टमध्येच दर वेळी सीएचओन असेल आणि एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, एकदा दुसरा यूजर असं आलटून पालटून होत असेल तर ते मात्र बंद करा.

दुसरी चोरवाट म्हणजे लॉग. उबंटू आणि डेबियनवर एनजिनेक्स आणि अपाचेचे लॉग रोज रोटेट होतात, म्हणजे जुनी फाइल बाजूला जाऊन नवी सुरू होते, १४ ठेवले जातात, आणि नावं नंबराने चालतात. रोज रात्री २ नंबरची फाइल ३ होते, ३ ची ४, ४ ची ५. आतला मजकूर तोच, पण आरसिंक नावावर जुळवतं, त्यामुळे त्याच्यासाठी रोज सगळेच लॉग नवीन. लॉगचं फोल्डर १० जीबीचं असेल तर रोज तेवढे १० जीबी नव्याने पडतायत. लॉगरोटेटच्या कॉन्फिगमध्ये डेटएक्स्ट टाका, म्हणजे नंबराऐवजी तारीख लागते आणि एकदा पडलेलं नाव परत बदलत नाही. रेड हॅटच्या कुटुंबात हे आधीपासून चालू असतं, डेबियन-उबंटूवर आपण चालू करावं लागतं. एका ओळीचा बदल आहे आणि फरक दुसऱ्या दिवशीपासून दिसतो. फोल्डरचं नाव बदललं, उदाहरणार्थ अपलोड दुसरीकडे हलवले, तरी तसंच होतं, पण ते एकदाच.

लिंक-डेस्टला दिलेला पाथ, म्हणजे आदल्या बॅकअपचा, पण तपासा. रिलेटिव्ह पाथ दिला तर तो तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून धरत नाहीत, जिथे बॅकअप पडतोय त्या फोल्डरपासून धरतात. पाथ चुकला तर आरसिंक नुसती एक वॉर्निंग देतं आणि पुढे पूर्ण कॉपी करून मोकळं होतं, जॉब यशस्वी. क्रॉनचा (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) आउटपुट डेव्ह नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, जात असेल तर ती वॉर्निंग कोण वाचणार? आणि बॅकअपचं फोल्डर नवीन डिस्कवर हलवताना आरसिंकला डॅश कॅपिटल एच द्यायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक हार्डलिंक स्वतंत्र फाइल बनते आणि ३०० जीबीचा माल दोन टीबीच्या डिस्कवर मावत नाही. नवीन डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट असेल तर हार्डलिंक तिथे होतच नाहीत, ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस करून घ्या.

हे मोजताना एक काळजी घ्या. प्रत्येक दिवसाच्या फोल्डरवर डीयू वेगवेगळं चालवलं तर प्रत्येक जण पूर्ण साइझ दाखवतो आणि माणूस घाबरतो. सगळे फोल्डर एकाच डीयू कमांडमध्ये एकापाठोपाठ द्या, मग तीच फाइल दुसऱ्यांदा मोजली जात नाही आणि दर दिवसापुढे फक्त त्या दिवशी वाढलेलं दिसतं. ज्या तारखेपुढे आकडा मोठा तिथून पुढे खणा.

डेटाबेसच्या डंपबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. तुम्ही बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअप टूल वापरत असाल तर ती फाइलचे तुकडे पाडून सारखे तुकडे एकदाच साठवतात, त्यामुळे वरचा परमिशनचा आणि लॉगच्या नावांचा त्रास तिथे होत नाही. पण डंप जीझिप करून दिला तर सगळा फायदा गेला, कारण सुरुवातीला एक ओळ बदलली की पुढचा सगळा दाबलेला प्रवाह बदलतो आणि रोजचा डंप पूर्ण नवीन. डंप न दाबता साधी एसक्यूएल फाइल म्हणून द्या, टूल स्वतः कॉम्प्रेस करतं. दाबणं गरजेचंच असेल तर जीझिपचा आरसिंकेबल ऑप्शन बघा, थोडी फाइल मोठी होते पण तुकडे जुळतात. ५ जीबीच्या डंपला महिन्याला किती फरक पडतो ते स्वतः करून बघा, मी सांगण्यापेक्षा ते बघितलेलं बरं.

आता तिसरं, जुनं न निघणं. यात मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर आलेल्या कितीतरी सर्व्हरवर हे झालंय, आणि स्क्रिप्टमध्ये कोणी काहीच बदललेलं नसतं.

बोर्ग १.१ मध्ये प्रून (जुनं काढायची कमांड) चालवलं की जुने आर्काइव्ह, म्हणजे एकेका वेळचे बॅकअप, जायचे आणि डिस्कवरची जागा पण तिथल्या तिथे मोकळी व्हायची. फेब्रुवारी २०२२ ला १.२ आलं आणि त्यात हे दोन कामं वेगळी केली. आता प्रून फक्त आर्काइव्ह काढतं, जागा मोकळी करायला बोर्ग कॉम्पॅक्ट ही कमांड वेगळी चालवावी लागते. भाडेकरूचं नाव पाटीवरून पुसलं पण सामान खोलीतच, असं ते आहे. उबंटू २०.०४ मध्ये १.१ होतं, २२.०४ मध्ये १.२ आहे. डेबियन ११ वरून १२ वर जाताना पण तसंच. सर्व्हर अपग्रेड झाला, जुनी स्क्रिप्ट तशीच चालू राहिली, प्रून रोज बरोबर चालतंय, बोर्ग लिस्टमध्ये मोजून तेवढेच आर्काइव्ह दिसतायत, आणि डिस्क मात्र रोज वाढतेय. ओळखायचं कसं? बोर्ग इन्फोमध्ये सगळ्या आर्काइव्हची डीडुप्लिकेटेड (सारखे तुकडे एकदाच मोजून येणारी) साइझ बघा आणि रिपॉझिटरीच्या, म्हणजे बोर्ग सगळे आर्काइव्ह ठेवतं त्या, फोल्डरवर डीयू मारा. समजा इन्फो १२० जीबी म्हणतंय आणि डीयू ४०० म्हणतंय, तर कॉम्पॅक्ट चालतच नाहीये.

उपाय म्हणजे प्रूनच्या खालच्या ओळीत बोर्ग कॉम्पॅक्ट. १.१ वरून आलेल्या रिपॉझिटरीवर पहिल्यांदा चालवताना क्लीनअप-कमिट्स ऑप्शन द्या, जुन्या आवृत्तीने सोडलेल्या १७ बाइटच्या असंख्य फाइली त्यात निघून जातात. पहिला रन लांबतो, स्क्रीन किंवा टीमक्समध्ये चालवा म्हणजे कनेक्शन तुटलं तरी चालेल. बोर्गमॅटिक (बोर्ग आपोआप चालवणारं टूल) वापरणारे म्हणतील आमच्याकडे हे आपोआप होतं, बरोबर आहे, पण क्रॉनच्या ओळीत कोणी "बोर्गमॅटिक प्रून क्रिएट" असं नावं देऊन लिहिलं असेल तर फक्त तेवढंच चालतं, कॉम्पॅक्ट नाही. ती ओळ उघडून बघा. आणि रिपॉझिटरी अपेंड-ओन्ली (फक्त भर घालता येते, पुसता येत नाही) ठेवली असेल, जी रॅन्समवेअरच्या भीतीने ठेवणं चांगलंच आहे, तर क्लायंटकडून, म्हणजे साइटच्या सर्व्हरवरून, कितीही प्रून करा, जागा सुटणार नाही. बॅकअपच्या मशीनवरूनच, आधी आर्काइव्हची यादी डोळ्यांखालून घालून, कोणी भलतं काही डिलीट केलं नाही ना ते बघून, मग अपेंड-ओन्ली काढून कॉम्पॅक्ट करायचं. ही पाहणी टाळू नका, अपेंड-ओन्ली ठेवल्याचा सगळा अर्थ त्यातच आहे.

रेस्टिकमध्ये तसंच, फर्गेट नुसतं स्नॅपशॉट (एकेका वेळचा बॅकअप) विसरतं, प्रून दिल्याशिवाय जागा जात नाही. पण तिथे अजून एक खोच आहे. फर्गेट स्नॅपशॉटचे गट पाडतं, होस्टचं, म्हणजे मशीनचं, नाव आणि पाथ यांवरून, आणि "शेवटचे ७ ठेवा" हा नियम प्रत्येक गटाला वेगळा लावतं. तुम्ही रेस्टिक डॉकर कंटेनरमध्ये चालवत असाल आणि कंटेनरला दर वेळी नवीन होस्टनेम मिळत असेल, तर प्रत्येक स्नॅपशॉट हा स्वतंत्र गट, त्यात एकच स्नॅपशॉट, त्यामुळे सात ठेवायचे म्हटल्यावर तो एक कधीच जात नाही. रेस्टिक स्नॅपशॉट्सच्या यादीत होस्टच्या रकान्यात बारा अक्षरांची चित्रविचित्र नावं दिसली की समजा. बॅकअप घेताना होस्ट ऑप्शनने ठरलेलं नाव द्या, आणि साचलेल्या जुन्यांसाठी एकदा ग्रुप-बाय फक्त पाथवर ठेवून, आधी ड्राय-रन (काही न पुसता चाचणी) करून, फर्गेट चालवा. बोर्गवाल्यांनी पण सर्व्हरचं होस्टनेम बदललं असेल तर प्रूनमधला प्रीफिक्स (आर्काइव्हच्या नावाची सुरुवात) तपासा, जुन्या नावाचे आर्काइव्ह त्याला सापडत नाहीत आणि ते कायमचे राहतात.

साध्या टारवाल्यांकडे (सगळं एका फाइलमध्ये बांधून ठेवणाऱ्यांकडे) हाच रोग फाइंड कमांडमध्ये असतो. स्क्रिप्ट टार-जीझेड शोधून सात दिवसांपेक्षा जुनं डिलीट करते, मधे कोणीतरी कॉम्प्रेशन झेडएसटीवर नेलं, नावाचा शेवट बदलला, डिलीटची ओळ तशीच राहिली, आता तिला काही सापडतच नाही आणि ती एररही देत नाही. आणि फाइंडमधलं एमटाइम अधिक ७ म्हणजे पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइली, सात नाही, मोठ्या डंपला हा एक दिवस पण जाणवतो.

डिस्क आत्ता १०० टक्के भरलेली असेल तर हे सगळं वाचायला वेळ नाही, म्हणून तेवढं सांगतो. बोर्गला डिलीट करायला सुद्धा थोडी जागा लागते, पूर्ण भरलेल्या डिस्कवर प्रून पण फेल होतं. रिपॉझिटरीच्या आतल्या फाइली हाताने आरएम (डिलीट) करू नका, कृपा करून नका करू, एक सेगमेंट (रिपॉझिटरीतली डेटा फाइल) गेला तर त्यातले तुकडे ज्या ज्या आर्काइव्हमध्ये आहेत ते सगळे खराब होतात. त्याऐवजी ईएक्सटी४ फॉरमॅटने रूट यूजरसाठी राखून ठेवलेले ५ टक्के वापरा. एक टीबीच्या डिस्कवर ते साधारण ५० जीबी होतात, बॅकअप साध्या यूजरने चालत असेल तर ती जागा त्याला मिळतच नसते. ट्यून-टू-एफएसला डॅश एम १ दिलं की त्यातली बरीचशी लगेच मोकळी होते, डिस्क अनमाउंट पण करावी लागत नाही. मग प्रून, मग कॉम्पॅक्ट. नंतर बोर्ग कॉन्फिगमध्ये अ‍ॅडिशनल फ्री स्पेस २ जीबी लावून ठेवा, ती मूळात शून्य असते, म्हणजे पुढच्या वेळी डिलीट करण्यापुरती जागा तरी शिल्लक राहील.

आणि स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ जोडा, तारीख, डीएफचा आकडा, आणि बोर्ग इन्फो किंवा रेस्टिक स्टॅट्सचा आकडा, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, पण ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे कधीपासून वाढतंय, तर फाइल उघडायची आणि तारीख सांगायची.